हार्टलकोटच्या चोरलेल्या काड्या

"मिसेस ऑल्सॉप, जरा पर्स उघडा."

रॉडनी हॅलम बोलून गेला आणि त्याचं त्यालाच ओशाळं वाटलं. हार्टलकोटच्या बागेत माळीकाम करताना चौतीस वर्षांत त्याने कुणाची पर्स तपासली नव्हती. जुनी हवेली बघायला येणाऱ्या म्हाताऱ्या बायका आतली तैलचित्रं पाच मिनिटांत उरकायच्या, चहा-केक घ्यायच्या आणि मग घरी लावायला झाडांच्या काड्या खुडून बागेत हात साफ करायच्या. ओला रुमाल, प्लॅस्टिकची पिशवी, सगळी तयारी घरूनच. अशा वेळी रॉडनी मुद्दाम पाठ फिरवायचा. झाडांवर जीव असल्याशिवाय कुणी काड्या चोरत नाही, असं त्याचं मत होतं.

"इतकी वर्षं दिसलं नाही, आज बरे डोळे उघडले!" बाई फणकारल्या, पण पर्स उघडली. रुमालात बॉक्स नावाच्या झुडपाच्या कुंपणातल्या चार काड्या होत्या.

"कुंपणाला करपा लागलाय. सोमवारी सगळं उपटून जाळणार."

रॉडनी कुंपणाकडे न बघता म्हणाला. दर जूनमध्ये, डर्बीची घोड्यांची शर्यत झाली की गुडघे टेकून तो हे कुंपण कापायचा. पाहुण्यांना काही कळू द्यायचं नाही, असं मॅनेजरने बजावलं होतं.

"अगं बाई! मग या चार तरी राहू द्या. आमच्या यांच्या, हॅरल्डच्या, थडग्याभोवती तुमच्याच काड्या लावल्यात मी. यंदा एक बाजू विरळ पडलीय."

रॉडनीने झटकन वर पाहिलं. "विरळ म्हणजे?"

"पानांवर काळे डाग येतात, अन् गळतात. मला वाटलं, पाणी कमी पडतंय."

गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं. पण ब्याऐंशी वर्षांची ही बाई झारी घेऊन तिथे जात राहिली असती आणि स्वतःलाच बोल लावत राहिली असती. ते त्याला सहन होईना.

"तोच करपा आहे, बाई. इथूनच गेलाय. मी पाठ फिरवत होतो ना, म्हणून."

बाईंनी रुमालातल्या चारही काड्या त्याच्या हातात ठेवल्या. मग म्हणाल्या, "चोरी माझी अन् दोष तुमचा? भलतंच काहीतरी! ...पण मला नाही हो जमणार ते उपटायला."

रविवारी प्रार्थना आटोपून लोक पांगल्यावर रॉडनी फावडं घेऊन चर्चमागे हॅरल्डच्या थडग्यापाशी गेला. एकेक रोप मुळासकट काढायचं, करपा पसरू नये म्हणून पातं स्पिरिटने पुसायचं, मग दुसरं. बाई पोतं धरून उभ्या होत्या. हॅरल्डच्या उशाशी शेवटचं रोप होतं, हिरवंगार.

"याला तर काहीच नाही झालेलं," बाई म्हणाल्या.

रॉडनीने पानं उलटसुलट करून पाहिली. खरंच एकही डाग नव्हता, पण करपा लागला तरी तो लगेच दिसत नाही. त्याने बाईंकडे पाहिलं आणि नुसती नकारार्थी मान हलवली.

बाईंनी पोत्याचं तोंड आणखी थोडं उघडून धरलं.