कोरं शिसं

"हे कुणी लिहिलंय?" कंपोझिटरच्या मुलीने प्रूफ टेबलावर आपटलं तेव्हा मी छपाईच्या मशीनला तेल घालत होतो. "ही माझी कविता नाही."

"तुझीच आहे. मी स्वतः जुळवलीय," कंपोझिटर म्हणाला. त्याने मान वर केली नाही. बोटं शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या खणांतून दाणे टिपल्यासारखी फिरतच होती.

आईच्या माघारी या बापलेकीचं बोलणं जवळजवळ बंदच होतं. तिने कवितासंग्रह आमच्या छापखान्यात टाकला तोही परस्पर मालकांशी बोलून. मालकांनी काम बापाच्याच गळ्यात घातलं, कारण दुसरा कंपोझिटर होताच कुठे? माझंही या माणसाशी कधी पटलं नाही. मी तोंड उघडलं की पुढचं वाक्य हा बोलून मोकळा. माझं पोट कुठे दुखतं, तेसुद्धा मला हाच सांगायचा.

त्यात कवितेचा विषय निघाला की याला जोर चढायचा. आयुष्यभर श्लोक, पदं, गाणी जुळवून कविता आपल्या वाडवडिलांची असल्याचा त्याचा समज झाला होता. जुळवताना पाय ताल धरायचा आणि यमक जवळ आलं की कागदाकडे न बघताच हात पुढचं अक्षर उचलायचा. बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं, त्यामुळे माज आणखीच वाढला होता.

"ओळी कुठे गेल्या माझ्या? सगळ्या जोडून टाकल्यात तुम्ही. बातमी लावल्यासारख्या."

"चिटोऱ्यांवर लिहून आणलंस. मला वाटलं, कागद अरुंद म्हणून तुटल्यात."

यात तो खोटं बोलत नव्हता. कागद कापल्यावर कडेच्या पट्ट्या उरतात, त्या आम्ही सगळेच घरी नेतो. त्याच्या घरी निरोप, हिशेब, मुलीचा गृहपाठ, सगळं त्या पट्ट्यांवर व्हायचं आणि जागा संपली की वाक्य खाली उतरायचं. तिने कविताही त्यांवरच लिहिल्या. त्याने घरातल्या सवयीने त्या सलग वाचल्या. परक्या कवीचं त्याने असं केलं नसतं.

"आणि कळायचं तरी कसं?" तो उसळला. "अगं, माणसं वल्ही मारताना गायची, ओझी ओढताना गायची. वल्हं मागे आलं की ओळ संपली, हाताला कळायचं. मग मात्रा मोजायला लागले, ते बोटांना कळायचं. मग यमक आलं, ते कानाला कळायचं. तुझी ओळ संपली हे कशाला कळायचं? मनात येईल तिथे मोडायची आणि म्हणायचं, झाली कविता!"

"दम लागतो तिथे संपते माझी ओळ," ती म्हणाली. "आईला लागायचा तिथे."

तिच्या आईच्या आजारपणात मी त्यांच्या घरी गेलो होतो. ती दोन शब्द बोलायची, थांबायची, श्वास गोळा करायची. तेवढ्यात हा पुढचं बोलून टाकायचा आणि ती मान हलवायची. हो म्हणून की कंटाळून, देव जाणे.

"आणि हे तर मी लिहिलंच नव्हतं." मुलीने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मी वाकून वाचलं. 'अहो, मला जरा पाणी द्या.'

"पट्टीचं टोक कापलं गेलं असेल म्हणून मी भरलं." त्याचा आवाज खाली आला. "तेच म्हणाली होती ती."

"ती 'अहो, मला जरा' एवढंच म्हणाली. पाणी तुमचं. तुम्ही ते आणायला गेलात आणि इकडे ती गेली. पेला घेऊन दारात उभे होतात तुम्ही."

"मग काय हवं होतं तिला?"

"मला काय माहीत? तुम्हाला तरी कुठे माहीत आहे? पण तिने पाणी मागितलं म्हणून गावभर सांगत सुटलात."

मालक बाहेर आले, रागरंग बघून पुन्हा आत गेले.

"पाणीच मागितलं तिने," कंपोझिटर म्हणाला. "मी मोडणार नाही जुळवलेलं."

"उद्या येते. असंच असलं तर माझे कागद घेऊन जाईन आणि पुन्हा तुमच्या दारात पाऊल टाकणार नाही."

ती गेल्यावर मी म्हणालो, "अरे, एवढं..."

"एवढं काय अवघड आहे, असंच ना?" तो माझ्यावर खेकसला.

"नाही. एवढं मनाला लावून घेऊ नकोस, असं म्हणणार होतो. जन्मभर माझ्या तोंडात शब्द कोंबलेस. बरोबर होते का, ते एकदा तरी विचारलंस?"

त्याने विचारलं, "चुकायचे?"

"नेहमीच," मी म्हणालो. नेहमी नव्हते चुकत. पण त्याला लागावं अशी माझी इच्छा होती, आणि ते लागलं.

त्याने जुळवलेलं सगळं मोडलं आणि पट्ट्या समोर लावून पुन्हा सुरुवात केली. छापखान्यात रिकामी जागा रिकामी ठेवून भागत नाही. जिथे अक्षर नाही तिथे अक्षराहून बुटकं, म्हणून न उमटणारं कोरं शिसं भरावं लागतं, नाहीतर ओळच्या ओळ सुटून येते. तिच्या ओळी आखूड, त्यामुळे कोरं शिसं भराभर संपत होतं. मला न विचारता त्याने मी बांधून ठेवलेल्या जुन्या जाहिरातीतलंही काढून नेलं. पाय ताल धरत नव्हता.

शेवटच्या ओळीशी हात अडला. 'जरा' झाल्यावर त्याची बोटं सवयीने 'प'च्या खणात गेली, तिथे थांबली आणि रिकामीच परत आली. मग त्याने कोऱ्या शिशाचा एकेक तुकडा लावून ओळ कडेपर्यंत भरली.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. तिने उभ्या उभ्याच प्रूफ वाचलं, शेवटच्या ओळीवर थोडी थांबली आणि मला म्हणाली, "छापा, काका." बापाकडे तिने बघितलंही नाही. दारापर्यंत गेली आणि मागे न वळताच म्हणाली, "बाबा, मला..."

त्याचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा बोलणार. त्याने ते मिटून घेतलं.

तीही पुढे काही बोलली नाही. चौकटीला हात लावून क्षणभर उभी राहिली आणि निघून गेली. तो दाराकडे बघत थांबला. जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी झाली तरी थांबला.

मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "शेवटची ओळ नीट आवळ. कोरी जागा आहे, हलायला नको."