झाकलेल्या फांद्या

"अळी निघाली. म्हणजे यंदा सुबत्ता," म्हणत बाबांनी ओकच्या पानावरची गाठ चाकूने फोडून शेजारच्या खेर्टेमावशींना दाखवली. सप्टेंबरअखेर सेंट मायकेलच्या सणाला हॉलंडमधल्या आमच्या हार्लेममध्ये अशी गाठ फोडून वर्षाचं भविष्य बघतात. माशी निघाली तर लढाई, कोळी निघाला तर रोगराई. बाबांचं औषधांचं दुकान, त्यामुळे गाठी फोडायला सगळे त्यांच्याकडेच येत.

मावशी गेल्यावर आड्रियानकाका हसले. काका बाबांचे बालमित्र. लायडनच्या विद्यापीठात निसर्गतत्त्वज्ञान शिकवत.

"काय रे योस्ट, आता ज्योतिषीही झालास?"

"त्यांना भविष्य हवंय. मला ती अळी आत शिरली कशी, ते हवंय."

काकांच्या मते झाडच अळीला जन्म देतं. बाबांनी मात्र वसंतात चिलटाएवढी काळी माशी कोवळ्या पानात नांगी खुपसताना पाहिली होती; तीच आत अंडं घालते, असं त्यांचं म्हणणं. त्यावर काकांचा नेहमीचा टोमणा ठरलेला: तू शिंपले नि किडे गोळा कर, कारणांचं आम्ही बघतो.

"पाहिलंस, कबूल. पण ती नुसती रस प्यायला आली नव्हती कशावरून?"

बाबांनी चाकू खाली ठेवला. "ते तूच सांग की. एवढी हेरिंग मासळी खाऊ घालतो ती कशासाठी?"

काका विचारात पडले. मग म्हणाले, पालवीच्या आधी काही फांद्या मलमलीने झाक. माशी पोचली नाही आणि तरी गाठी आल्या, तर झाडानेच अळी घडवली. बाबा इतके खूश झाले, की ऐन सप्टेंबरात मला मलमल काढून ठेवायला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा झोपेतून उठलेच नाहीत.

पुढच्या वसंतात, पालवीच्या आधी मी काकांना घेऊन ओकापाशी गेले. मी फांद्या झाकल्या. काका शिडी धरून, दोरा सैल बांधतेस म्हणून कुरकुरत होते. उन्हाळा सरता सरता मलमल सोडली. आतली पानं स्वच्छ, गुळगुळीत. शेजारच्या उघड्या फांद्या गाठींनी लगडलेल्या. काकांनी पान न् पान उलटून पाहिलं. मग टोपी काढली.

"हरलो," ते म्हणाले, पण चेहरा जिंकल्यासारखा फुलला होता. "योस्टनं पाहिलं नसतं, तर मला विचारायला काही उरलंच नसतं, माख्तेल्ड."

"आणि तुम्ही विचारलं नसतं, तर आम्ही नुसतं बघतच बसलो असतो."

लायडनला ही बातमी द्यायला ते म्हातारे पाय विसरून कालव्यावरच्या नावेकडे जवळजवळ पळतच सुटले.

मी शिडीवर बसून राहिले. आसपास कोणी नव्हतं.

"बाबा," मी मोठ्याने म्हटलं, "कधी बोलले नाही, पण मला पहिल्यापासून तुमचंच हे बघण्याचं काम करायचं होतं."