निळीच्या डोणीतले कोमट पाणी

मित्रांनो, मी एक जुनी दगडी डोण आहे, माणूस आत मावेल एवढी मोठी कुंडीच म्हणा. पाथरवटांनी मला एका अखंड काळ्या पाषाणातून कोरले आणि रंगाऱ्याच्या कारखान्यात आणून बसवले. माझ्या उदरात नीळ कालवली जाई. रंगारीकाका पाणी ऊन करीत, कारण उष्णतेवाचून नीळ नीट उतरत नाही. मग काकू पांढरे सूत बुडवीत आणि ते आकाशाचे रूप घेऊन बाहेर येई. "ही डोण आहे म्हणून आमची चूल पेटते," असे काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्या कौतुकाने माझा दगडही सुखावे.

काका-काकू ख्रिस्ती होते. पुढे दिवस पालटले. त्यांच्या प्रार्थनागृहाला टाळे लागले, पाळकांना हद्दपार करण्यात आले, आणि सरकारच्या अनुज्ञेवाचून बाप्तिस्मा देणाऱ्यास तुरुंगवास ठरला. तेव्हापासून सुट्टीच्या दुपारी काका कारखान्याची दारे आतून लावून घेत, मला घासूनपुसून थंड पाण्याने भरीत, आणि जो मनापासून मागे त्याला त्या पाण्यात बाप्तिस्मा देत.

एका हिवाळी दुपारी दवाखान्यातील एक तरुण परिचारिका आली. अनुज्ञेसाठी तिने केलेला अर्ज फेटाळला गेला होता, आणि घरी थोरल्या भावाने तिच्याशी बोलणे टाकले होते. काकूंचे हात पाहून ती दचकली.

"काकू, नखं किती निळी! दम लागतो का तुम्हाला?"

"अगं, ती नीळ आहे," काका हसले. "आमच्या घरात खरंच कुणी आजारी पडलं, तर तुम्हा दवाखानेवाल्यांना पत्ताच लागायचा नाही!"

ती हसता हसता खोकू लागली. काकूंना राहवले नाही. "पोर गारठेल हो," असे म्हणत त्यांनी दोन हंडे कढत पाणी माझ्यात ओतले.

मला वाचा असती तर मी ओरडले असते! थंड पाण्यात माझी छिद्रे मिटलेली असतात. ऊब लागताच वर्षानुवर्षे मुरलेली नीळ मी सोडू लागते. हे त्या दोघांहून अधिक कोणाला ठाऊक असणार? परंतु त्या घटकेला ते रंगारी नव्हते, आईबाप झाले होते. काकांनी प्रभूचे नाव घेऊन तिला पाण्यात बुडवले आणि वर काढले. अंधुक उजेडात तिच्या मानेवर उतरलेली निळसर छटा त्यांना दिसली नाही. दिसली असती, तरी ज्यांचे हात जन्मभर निळे, त्यांना ती खटकणार कशी?

ती छटा घरी भावाला खटकली, आणि इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा तिच्याशी बोलला. "कानामागं हे निळं कसलं? कुठं गेली होतीस?" एवढ्यावर तो थांबला नाही, निळीवरून आमचा कारखाना ओळखून त्याने चौकी गाठली.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आला. तो अगदीच पाषाणहृदयी नव्हता. त्याने काकांना बाजूला घेतले. "काका, सूत बघायला आली आणि पाय घसरून डोणीत पडली, एवढं म्हणा. मी तेच लिहितो आणि जातो."

काकांनी माझ्या काठावर हात ठेवला. मग म्हणाले, "साहेब, ती पडली नाही. पडली म्हटलं, तर तिनं जे मागितलं ते खोटं ठरेल. मी तिला बाप्तिस्मा दिला."

त्यांना नेले, ते नेलेच. पुढच्या हिवाळ्यात ते कारागृहातच वारले. त्यांचा देह परस्पर पुरण्यात आला. कोठे, ते सांगितले नाही, आणि प्रार्थनाही होऊ दिली नाही. काकूंच्या हाती केवळ त्यांच्या वहाणा आल्या. कारखाना सरकारजमा झाला आणि मला उचलून रस्त्याच्या कडेला टाकण्यात आले.

तेथेच एकदा ती परिचारिका काकूंना भेटली.

"पाणी मीच ऊन केलं गं," काकू म्हणाल्या. "मीच त्यांना घालवलं."

"काकू, घरात माझ्याशी कुणी अक्षर बोलत नव्हतं. त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी पाणी तापवलंत. ते गार असतं तर बरं झालं असतं, असं मला म्हणवत नाही हो."

दोघी माझ्या काठाशी बसून रडल्या.

आता लोक माझ्यात केरकचरा टाकतात. मित्रांनो, माझी निगा राखा असे मी म्हणत नाही. दगडाचे काय एवढे! पण तुमच्या शेजारी कोणी निराळ्या रीतीने डोळे मिटून बसले असेल, तर त्याचे डोळे उघडेपर्यंत जरा थांबा. आमच्या काकांना पुरताना एका प्रार्थनेपुरतेही कोणी थांबले नाही.