तिसरा कौल

"आई, नव्या गाडीसाठी उद्या देवीला कौल लाव," हरिओम म्हणाला, आणि उषाबाईंच्या हातातली वात वळता वळता तुटली.

तो पलंगावर पाय लांब करून बसला होता. सहा फूट तीन इंचांचा मुलगा. पावलं पलंगाबाहेरच राहायची. कमरेला पट्टा. सहा महिने घरात काढल्यावर डॉक्टरांनी आता शेवटचं सांगितलं होतं. उंचीला साजेल अशी मोटारसायकल अर्धा तास चालवून बघा. पाय बधिर झाला नाही तर फिरतीचं काम करा, झाला तर तो विषय संपला. कंपनी सोमवारपर्यंत थांबणार होती. हरिओम रेशमाचे किडे पाळणाऱ्या शेतकऱ्यांकडे फिरायचा. कुंभार पिंपळगावहून निघाला की परतूर, वाटूर, मंठा, कधी पार सेलूपर्यंत. दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर. फिरती सुटली तर जालन्याच्या ऑफिसात खुर्ची होती. खुर्चीचं नाव काढलं की त्याचा चेहरा उतरायचा.

"पुन्हा कौल कशाला?" उषाबाई हळूच म्हणाल्या. "मागच्या गाडीनं तुझं काय झालं ते बघतोस ना."

"म्हणून तर. देवीनं ठेंगणी गाडी सांगितली म्हणून एवढ्यावर निभावलं. उंच घेतली असती तर काय झालं असतं, कुणाला ठाऊक!"

उषाबाईंनी तुटलेली वात पुन्हा वळायला घेतली.

दीड वर्षापूर्वी गाडी घ्यायला सगळेच जालन्याला गेले होते. घनसावंगीचा गाड्यांचा मिस्त्री रामप्रसाद सोबत होता. त्यानं जाता जाताच सांगितलं, "हरीभाऊ, पाय टेकतात का ते बघू नका. तुमचे तर बैलगाडीवरून बी टेकतील. गुडघा कुठं येतो ते बघा. गुडघा लई वर मुडपला, तर ती गाडी लांबच्या रस्त्याची न्हाई."

दुकानात दोन गाड्या पसंतीला उतरल्या. पहिलीवर हरिओम बसला तर गुडघे हँडलला लागले. "पाटावर जेवायला बसल्यावानी दिसून राह्यलाय," त्याचे वडील बद्रीनाथ म्हणाले, आणि दुकानातली पोरंही हसली. दुसरी उंच होती. तिच्यावर बसला तशी त्याची पाठ सरळ झाली, हात सैल पडले, मांडी नीट टेकली. रामप्रसादनं मान डोलावली. हरिओमच्या तोंडावर असं हसू होतं की उषाबाईंना तो सात वर्षांचा वाटला.

"आई, तू बी बसून बघ मागं."

मागची सीट त्यांच्या छातीला येत होती. लेकाच्या खांद्याला धरून त्यांनी एकदा प्रयत्न केला, पाय घसरला, लुगड्याचा काठ कशात तरी अडकला. दुकानातली अर्पिता नावाची पोरगी धावत आली आणि म्हणाली, "आजी, स्टूल आणू का?" बावन्नाव्या वर्षी त्यांना पहिल्यांदा कुणीतरी आजी म्हणत होतं. ठेंगण्या गाडीवर मात्र त्या एका बाजूनं सहज बसल्या. आणि त्यांच्या मनात आलं की हीच आली तर दर पौर्णिमेला अंबडच्या देवीला जाता येईल. जीपमध्ये कोंबून घ्यायला नको, कुणाची वाट बघायला नको.

तोंडानं त्या एवढंच म्हणाल्या, "घाई नको. देवीला विचारू."

दुसऱ्या दिवशी पहाटे, नेमाचे अकरा दिवे लावून झाल्यावर, त्यांनी वेशीतल्या देवीच्या दोन्ही खांद्यांना शेवंतीच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी उंच गाडीची, डावी ठेंगणीची. जी आधी पडेल ती देवीची मर्जी. उजवी पडली. वारा असेल, म्हणून त्यांनी दार लोटलं आणि पुन्हा लावल्या. पुन्हा उजवीच पडली. पाकळी नीट भिजली नसेल, म्हणून उजवी पाण्यात चांगली बुडवून, अंगठ्यानं दाबून लावली. तेव्हा डावी पडली.

घरी येऊन त्यांनी सांगितलं, "देवीनं डावा दिला."

खोटं नव्हतंच ते. पण खरंही नव्हतं.

त्यांना हवं ते सगळं मिळालं. अकरा पौर्णिमा झाल्या. मागं बसून त्या लेकाचे दोन्हीकडे फाकलेले गुडघे बघायच्या. अर्ध्या वाटेत तो गाडी थांबवायचा, कमरेवर हात ठेवून मागं वाकायचा. त्या म्हणायच्या, "दमलास का? पाणी पी." बाराव्या पौर्णिमेला त्याला गाडीवरून उतरताच येईना.

हरिओम कौल लाव म्हणाला ती रात्र उषाबाईंनी बसूनच काढली. पहाटे त्या देवळात गेल्या, दिवे लावले, पाकळ्या भिजवल्या आणि तशाच ओंजळीत धरून उभ्या राहिल्या. देवीपुढं हात उचलवेना. घरी आल्या तेव्हा हरिओम उठून बसला होता.

"काय म्हणाली?"

"मी विचारलंच न्हाई." त्यांनी भिंतीला पाठ टेकली. "हरी, मागच्या बारीला तीनदा लावला होता मी कौल. दोनदा उंच गाडी आली होती. मला त्या गाडीवर चढता येत नव्हतं, म्हणून मी तिसऱ्यांदा लावला. उजवी पाकळी दाबून लावली."

हरिओमला आधी हसूच आलं. "देवीला बी दटावून घेतलंस म्हण की!" मग हसू विरलं.

"तुला बसायचं होतं, तर मला सांगायचं, आई. रामप्रसादनं मागं एक पायरी जोडून दिली असती. तासाभराचं काम होतं."

उषाबाईंनी तोंडाला पदर लावला. पायरीचं त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. चिडला असता, चार शब्द बोलला असता, तर सोसलं असतं. त्यानं तेवढंही केलं नाही. रामप्रसादला फोन लावून म्हणाला, "मिस्त्री, चला, जालन्याला जाऊन येऊ. कौल न्हाई, काही न्हाई. गुडघा बघून घेऊ."

दिवसभर उषाबाईंनी पाण्याचा थेंब घेतला नाही. संध्याकाळच्या बसनं दोघं परतले. बद्रीनाथ ओट्यावरूनच ओरडले, "काय रे, जमलं का?"

"गाडी बराबर हाय, बाबा. पाठ ताठ, गुडघा मोकळा, हात अगदी जिथं पाहिजे तिथं," हरिओम चप्पल काढत म्हणाला. "वीस मिनिटं चालवली. मंग डावा पाय ब्रेकवर हाय का गिअरवर, तेच कळंना."

"गिअरवरच होता, मी बघून राह्यलो होतो," रामप्रसाद म्हणाला. त्याला हसवायचं होतं, पण कुणी हसलं नाही. "दुकानापर्यंत परत मीच चालवत आणली, काका."

सोमवारी हरिओम सहाच्या बसनं जालन्याला गेला. जाताना नेहमीसारखा पाया पडला, डबा घेतला. तिथंच खोली बघतो म्हणाला.

त्याच सकाळी दारात एक शेतकरी येऊन उभा राहिला. सुग्रीव नाव सांगितलं, मंठ्याकडून दोन गाड्या बदलून आला होता. हातात पुठ्ठ्याचा खोका होता, त्यात पानावर पिवळे पडलेले किडे.

"साहेब हायेत का? शेडमध्ये सगळे असेच होऊन राह्यलेत. ते एकदा बघतील तर कळंल त्यान्ला."

"तो आता फिरतीवर न्हाई. जालन्याला ऑफिसात असतो," उषाबाई म्हणाल्या. "फोन नंबर देते."

"फोनवर कसं दिसंल हे, माय?" त्यानं खोका पुढं केला. "एकदम का सोडली फिरती?"

सहा महिने त्या सगळ्यांना कमरेचं दुखणं सांगत आल्या होत्या.

"माझ्यामुळं," त्या म्हणाल्या.

सुग्रीवला वाटलं, आयांना असं बोलायची सवयच असते. तो समजुतीनं हसला, नंबर लिहून घेतला, खोक्यावर गमछा झाकला आणि बसथांब्याकडे निघाला. उषाबाई दारातच उभ्या होत्या. त्याला हाक मारून सगळं नीट सांगावं असं त्यांना वाटत होतं, पण तो तोवर बराच लांब गेला होता.