छातीत शिरलेला पुदिना

शी! त्या वासाचं नाव काढलं तरी मला मळमळतं. पुदिना, निलगिरी, कापूर, सगळं एकत्र. पडद्यांना वास, उशांना वास, वरणालासुद्धा! आणि घरात दम्याचा माणूस, माझा नवरा सर्वेश.

हे सगळं माझ्या नणंदेचं, वसुधाताईंचं काम. दहिसरहून पिशवीभर बाटल्या घेऊन बोरिवलीला येतात आणि आमच्या बिल्डिंगभर विकतात. सर्वेशच्या पोटात कळा यायच्या, म्हणून त्यांनी पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल दिल्या. खोटं कशाला बोलू, कळा थांबल्या. तिथेच आमची वाट लागली.

“आतड्याचे स्नायू सैल पडले ना? श्वासनळीचे पण तसलेच असतात गं रुचिरा,” ताई म्हणाल्या. “ह्याच तेलाची वाफ घेऊ दे त्याला. पंप कशाला हवाय?”

“डॉक्टरांना विचारू या आधी,” मी म्हटलं.

“तू गप्प बस ना यार,” सर्वेश माझ्यावरच खेकसला. “ताईला कळतं.”

शनिवारी दुपारी ताईंनी उकळत्या पाण्यात अर्धी बाटली ओतली. टॉवेलखाली सर्वेश खोकून खोकून बेजार. ताईंनी माझी कोशिंबिरीची वाटी त्याच्या तोंडाखाली धरली आणि तो हिरवट, चिकट बेडका मला कौतुकाने दाखवला. “बघ, कशी घाण निघतेय!” मला ओकारीच आली.

मग खोकला थांबला. छातीतून नुसती शिट्टी, ओठ निळे. मी पंप शोधून त्याच्या तोंडात मारला आणि त्याला रिक्षात कोंबलं. ताईही बसल्या.

“लॅबमध्ये आतड्याच्या तुकड्यावर हे तेल टाकलं की तो सैल पडतो, खरंय,” हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाल्या. “पण दमेकऱ्याच्या छातीत ही उग्र वाफ झोंबते आणि नळ्या उलट आवळतात. जीव गेला असता ह्यांचा.”

नेब्युलायझर लावल्यावर सर्वेशचा श्वास जरा ताळ्यावर आला. तेव्हा ताईंनी मोबाईल पुढे केला. वाफ देताना ह्या बाईंनी फोन डब्याला टेकवून सगळं शूट केलं होतं! खोकल्यापर्यंतचं ठेवून पुढचं कापलं होतं.

“ग्रुपवर टाकू ना रे? गिऱ्हाइकांना कळेल, कसा कफ सुटतो ते.”

आता तरी हा बोलेल, म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मास्कमागून हसून अंगठा वर केला.

ह्या माणसासाठी मी रिक्षात ढसाढसा रडले होते. किळस आली मला त्याची.