क्लास नावाचा रकाना

सोमवारी सकाळी दहाला आमच्या रेशीमकोष बाजारात नव्या प्रोग्रामवर पहिला लिलाव होणार होता, आणि शनिवारी दुपारी सुकन्या माझ्या ओट्यावर तोंड पाडून बसली होती.

शाळेत तिला गणित मी शिकवलं. आता बाजारासाठी काम करणाऱ्या छोट्या कंपनीत ती नोकरी करते. दोन वर्षं खपून तिने एक यंत्र संगणकात उभं केलं होतं. नोंदवहीतले रकाने सांगितले, की ते आपलं आपण प्रोग्राम लिहून देई.

"मेष्ट्रे, एका रकान्यापायी अडलंय सगळं," ती म्हणाली. "कोषांची प्रत लिहायचा रकाना. नाव 'क्लास'. माझं यंत्र ज्या भाषेत लिहितं, तिनं हा शब्द स्वतःसाठी राखून ठेवलाय. रकान्याला तेच नाव दिसलं, की ती पुढं वाचतच नाही."

"मग नाव बदल की."

"वजनकाटे, फलक, पावत्या, सगळ्यांना 'क्लास'च कळतं. काल नावाला शेवटी एक आडवी रेघ जोडली. प्रोग्राम चालला, पण फलक कोरा! आमचे साहेब देवराजण्णा म्हणाले, सोमवारी जमलं नाही तर तुझं यंत्र गुंडाळायचं. बाहेरची माणसं बोलावून प्रोग्राम हातानं लिहून घेऊ."

मी कॉफीचा पेला तिच्यापुढे सरकवला. "तुझ्या वर्गात मंजुनाथ किती होते गं?"

"तीन. के. मंजुनाथ, एच. मंजुनाथ आणि शेंबडा मंजुनाथ."

"त्याच्याही नावामागे हजेरीत बी. होतं, बरं का. आणि त्याची आई जेवायला कशी हाक मारायची?"

"मंजूऽऽ! सगळ्या गल्लीला ऐकू जायचं."

"मग ते बी. कुठं लागायचं?"

"फक्त हजेरीत..." पेला तिच्या हातातच राहिला. "अय्यो! मी रेघ आतही ठेवली आणि बाहेरही तशीच पाठवली. दोन्ही नावं शेजारी-शेजारी लिहून ठेवायला हवीत. आत रेघेचं, दारातून बाहेर पडताना मूळचं."

"आणि नवं अक्षर देण्याआधी मी काय करायचो?"

"पट चाळायचात. त्याच नावाचं आधीच कुणी बसलंय का, ते बघायला." कॉफी तशीच टाकून ती पळाली.

रविवारी तिने भाषेच्या सगळ्या राखीव शब्दांची यादी यंत्राला दिली. पट चाळणंही शिकवलं, ते बरं झालं. फेरतपासणीच्या रकान्याला कुणीतरी पूर्वीच 'क्लास' आणि पुढे रेघ असं नाव देऊन ठेवलं होतं! यंत्राने ते पाहिलं आणि प्रतीच्या रकान्याला दोन रेघा दिल्या.

सोमवारी मीही बाजारात गेलो. सूत काढणारे व्यापारी परातींत हात घालून कोष चाचपत होते. दहा वाजले. पहिली परात काट्यावर चढली आणि फलकावर अक्षरं उमटली: परात एक, वजन बावीस किलो, क्लास ए. लगेच बोली सुरू झाली. दुसरी परात, तिसरी, चाळिसावी. फलक एकदाही कोरा पडला नाही.

देवराजण्णांनी चष्मा पुसून पुन्हा वर पाहिलं. "नाव तर तेच आहे. मग तू बदललंस काय?"

"बाहेरचं काहीच नाही, अण्णा," सुकन्या म्हणाली. "आत फक्त हजेरी नीट लावली."

अण्णांना ते कितपत समजलं कोण जाणे. त्यांनी खिशातून फोन काढला आणि लिलावाच्या गलक्यावर आवाज चढवून म्हणाले, "हां, देवराज बोलतोय. तुमची माणसं पाठवू नका. आमच्या पोरीचं यंत्र चाललंय!"