शिंपीदादांच्या घरचा दोन टनी जॅक

मी एक जुना जॅक आहे, मित्रांनो. मोटारीखाली सरकतो, दांडा वरखाली केला की मोटार वर उचलतो. खाली चार लोखंडी चाके आहेत म्हणून मला ट्रॉली जॅक म्हणतात. माझा लाल रंग आता दांड्याच्या मुळाशीच तेवढा उरला आहे. तिथेच 'दोन टन' अशी अक्षरे आहेत. एके काळी त्या अक्षरांचा मला फार गर्व होता.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात तेल भरले, झाकण घट्ट बसवले आणि माझ्यावर वजन ठेवून परीक्षा घेतली. तेलाच्या जोरावरच माझा हात वर जातो. ते तेल म्हणजे माझे रक्तच म्हणा ना.

दुकानाच्या फळीवर मी बरेच महिने बसून होतो. एके दिवशी एक शिंपी आणि त्यांची बायको आत आली. दुकानदार त्यांना दादा, वहिनी म्हणाला, म्हणून मीही तेच म्हणतो. त्यांनी जुनी मोटार घेतली होती. तिच्यासोबत आलेला लहान जॅक भर रस्त्यात घसरला होता. तेव्हा दादांनी ठरवले, घरी धड जॅक हवा.

दादांच्या गळ्यात मापाची टेप होती. ती ते दुकानातही काढत नसत. दुसरी गिऱ्हाइके आधी किंमत विचारत. दादांनी आधी माझे माप घेतले.

"गाडीची खालची कड जमिनीपासून सात इंच," ते चिठ्ठी वाचत म्हणाले. "हा पूर्ण खाली असताना साडेपाच. म्हणजे आत जाईल. वर किती जातो?"

"तेरा इंच," दुकानदार म्हणाला. "घरच्या गाडीला पुष्कळ."

शेजारी माझा तीन टनी थोरला भाऊ होता. वहिनींनी त्याला हलवून पाहिले आणि सोडून दिले. "अहो, याला उचलायला आणखी एक जॅक लागेल."

दादा हसले आणि त्यांनी माझ्यावर हात ठेवला. मित्रांनो, लोखंडाच्या अंगावरही मूठभर मांस चढते, हे मला त्या दिवशी कळले.

मग दुकानदाराने फळीखालून तीन तीन पायांचे दोन लोखंडी स्टँड काढले. "हेही न्या, दादा. जॅक फक्त उचलतो. धरून ठेवायला हे लागतात. गाडी वर गेली की हे खाली लावायचे, आणि मगच आत शिरायचं."

दादांना वाटले, हा गळ्यात जास्तीचा माल मारतोय. ते नको म्हणणार तोच वहिनी बोलल्या, "बांधा हो ते. अहो, तुम्ही नाही का पँट शिवताना दुहेरी शिवण घालत? तसंच हे."

दुहेरी शिवणीचे नाव काढल्यावर दादांनी पाकीट काढले. 'माझी शिवण कापड फाटलं तरी उसवायची नाही,' हे वाक्य ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. त्यात खोटेही काही नव्हते.

पहिली काही वर्षे माझी फार चांगली गेली. दारासमोरच्या फरशीवर मी मोटार उचलायचो, स्टँड ती धरायचे, दादा चाक काढायचे. त्यांची लेक तेव्हा शाळेत होती. ती चाकांमागे लाकडी ठोकळे लावायची आणि नटा-बोल्टांची वाटी सांभाळायची. "आपला जॅक म्हणजे पैलवान आहे," असे दादा शेजाऱ्यांना सांगत. स्टँडचे नाव कोणी काढत नसे. खरे सांगू? मलाही ते बरेच वाटायचे.

पुढे दादांच्या बेतायच्या बुटक्या टेबलाचे एका बाजूचे दोन्ही पाय मोडले. सुतार येईपर्यंत म्हणून त्यांनी त्याखाली दोन्ही स्टँड लावले. टेबल इतके घट्ट बसले की सुताराला बोलावणेच राहून गेले. त्यानंतर मोटार एकट्या माझ्या भरवशावर उभी राहू लागली. पैलवानाला कशाला हवी कुबडी, असे दादा म्हणत, आणि मी ते खरे मानत असे.

हळूहळू माझ्या पोटातून थेंब थेंब तेल गळू लागले. दादांच्या ते लक्षात आले. ते निष्काळजी नव्हते, मित्रांनो, हे मी शपथेवर सांगेन. ते रोज शिलाई मशीनला तेल देत. दाराची बिजागरी, कात्री, पंखा, सगळ्यांना त्याच कुपीतले तेल. त्यांनी माझे झाकण उघडले आणि त्याच प्रेमाने मलाही ते पाजले.

"हे चालतं ना याला?" वहिनींनी विचारले.

"न चालायला काय झालं? तीस वर्षं माझं मशीन यावर चाललंय."

ते तेल पातळ होते. मोटारीचे ओझे पेलायची ताकद त्यात नव्हती. मी मोटार उचलायचो खरा, पण वर गेलेला हात मला तिथेच ठेवता येईना. तो केसाकेसाने खाली यायचा. चाक बदलून होईपर्यंत कोणाला काही कळत नसे.

लेक मोठी झाली, नोकरीला लागली. एका सुट्टीच्या सकाळी ती पंक्चर झालेले चाक काढायला बसली. वडिलांचा जुना ढगळ सदरा तिने अंगात घातला होता. चाक काढून तिने भिंतीला टेकवले. तेवढ्यात तिला सायलेन्सरची पट्टी लोंबताना दिसली.

"बाबा, दोन मिनिटांचं काम आहे. आलेच." असे म्हणून ती खाली सरकली. फक्त पाय बाहेर राहिले.

दादा उंबऱ्यावर बसून एका पँटची खालची पट्टी दुमडत होते. मी खचू लागलो होतो. मला ते कळत होते, पण मला आवाज नव्हता. इतका असहाय मी आयुष्यात कधी झालो नाही.

दादांनी सुईत दोरा ओवायला मान वर केली आणि त्यांची नजर मोटारीवर थांबली. चाळीस वर्षे ज्याने कपड्याची खालची कड पाहिली, त्याला बोटभर फरक लपत नाही. मोटारीची कड तिरकी झाली होती.

ते ताडकन उठले. पँट टाकून धावले आणि त्यांनी लेकीचे दोन्ही पाय धरून ओढले. ती निम्मी बाहेर आली आणि अडकली. सदऱ्याची बाही वर एका बोल्टात गुंतली होती. दादांनी सगळा जीव लावून ओढले. शिवण सुटेना. मी आणखी बोटभर खाली गेलो. "तूट! तूट गं बाई!" ते आपल्याच शिवणीला ओरडून सांगत होते.

खांद्यापाशी टर्रकन आवाज झाला. लेक बाहेर आली. लगेच मी पुरता बसलो आणि मोटारीचा लोखंडी भाग फरशीवर आदळला. फरशीचा तुकडा उडाला.

काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. वहिनी धावत आल्या तेव्हा बापलेक जमिनीवर बसून एकमेकांना धरून रडत होते.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने माझे झाकण उघडून तेल बोटांवर चोळले. "हे कुठलं तेल?"

"मशीनचं," दादा म्हणाले. "शिलाईच्या."

मेकॅनिक त्यांना रागावणार होता. त्यांचा चेहरा पाहून त्याने नुसते झाकण परत लावले.

त्याच संध्याकाळी लेकीने टेबलाखालचे स्टँड काढले आणि सुताराला बोलावले. नवा जॅक घ्यायला ती स्वतः गेली, आईला घेऊन. आता मोटारीला हात लावायच्या आधी वहिनी दारात येऊन स्टँड मोजतात.

मला भंगारात घालू दिले नाही दादांनी. मी कोपऱ्यात आहे. माझ्या वर भिंतीतल्या खिळ्याला तो एका बाहीचा सदरा टांगला आहे. "लावून टाका की ती बाही," वहिनी एकदा म्हणाल्या. दादा म्हणाले, "नको. माझी एकच शिवण उसवली, ती तशीच राहू दे."

मित्रांनो, मला विकत घेताना माझे माप बघा, माझी ताकद बघा. माझ्या पोटात माझेच तेल घाला. माझे कौतुकही करा, मला ते आवडते. पण तुमचे माणूस माझ्या भरवशावर मोटारीखाली पाठवू नका. मी फक्त उचलतो. धरून ठेवणे मला कधीच येत नव्हते.